शालू आणि ठिगळ

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरची जुनी ट्रंक वर्षातून एकदा उन्हात येते. तिच्यात माझ्या पणजीची एक पैठणी आहे, घडीच्या रेघांवर चिरलेली, आणि त्या पैठणीच्या घडीत एक फोटो आहे. तो कधी काढला ते मागे लिहिलेले नाही, पण आजीच्या हिशेबाने तो १९२० नंतरच्या दोनचार वर्षांतला. पणजी त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. खुर्चीच्या पाठीवर एक हात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नाकात नथ, अंबाड्याभोवती गजरा, आणि मान किंचित डावीकडे कललेली. त्या काळच्या आमच्याकडच्या बायका फोटोला बसत त्या शिक्षा ऐकायला बसल्यासारख्या बसत. ही बाई तशी नाही. आपल्याला कोणी पाहात आहे हे तिला ठाऊक आहे, आणि त्याचा तिला संकोच नाही.

आजी हा फोटो पदराने पुसत म्हणायची, "सासूबाई इथं फोटोला उभ्या नाहीत गं. गंधर्वांच्या उभ्या आहेत!"

पणजोबांनी पणजीला सांगलीस नेऊन गंधर्व नाटक मंडळीचे 'स्वयंवर' दाखवले होते. बायकांच्या जागेत बसून तिने ते पाहिले, पहाटे घरी आली, आणि चूल पेटवण्याआधी आरशापुढे उभी राहून पदर नव्याने घेतला, अशी आमच्या घरातली कथा आहे. कथा म्हणजे कथाच. शंभर वर्षांत तिला चार पदर फुटले असतील. पण फोटो खरा आहे. आणि त्या फोटोतल्या मानेचा तो कल ज्याच्याकडून आला तो एक पुरुष होता, हेही खरे आहे. यंदा ट्रंक उघडली तेव्हा मला प्रथमच या गोष्टीचे नवल वाटले. माझ्या पणजीने स्त्रीसारखे उभे राहणे नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या एका पुरुषाकडून का शिकावे? आणि त्याने तरी ते कोठून आणले?

या लेखाचा विषय एवढाच आहे. बालगंधर्वांच्या गाण्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि माझा तो अधिकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. राग ओळखताना माझी फसगत होते. पण कापडाची चुणी कोठे पडते आणि का पडते, हे वीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले आहे. तेव्हा बालगंधर्वांच्या वस्त्रांकडे पाहण्याची मुभा वाचक मला देतील असे वाटते.

*

राजहंसांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, असे परंपरेने सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि शकुंतला झाले. त्या मंडळीचे गाजलेले स्त्री-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते, आणि ती जागा रिकामीच होती. भाऊरावांच्या गळ्याच्या धारेवर लोक लुब्ध असत. हा नवा मुलगा मृदू होता आणि दिसायला देखणा होता. गळा पुढे भास्करबुवा बखल्यांनी घडवला. दिसणे कोणी घडवले?

चित्रकलेची शिक्षिका म्हणून माझे उत्तर असे, की ती जमीन राजा रविवर्म्याने आधीच नांगरून ठेवली होती. रविवर्मा १९०६ साली गेला, म्हणजे बालगंधर्व रंगभूमीवर आल्यानंतर वर्षभरात. घाटकोपरला आणि नंतर मळवलीला निघालेल्या त्याच्या छापखान्याने देवी, अप्सरा आणि नऊवारीतल्या बायका घराघरांच्या भिंतींवर नेऊन टांगल्या होत्या. सुंदर स्त्री कशी दिसते हे आपल्या लोकांनी त्या छापील चित्रांतून शिकून घेतले होते. फक्त ती चित्रे हलत नव्हती. त्यांतली दमयंती वळून पाहात असे ती वर्षानुवर्षे वळूनच उभी. बालगंधर्वांनी त्या चित्राला चालायला लावले. वळलेली मान सरळ कशी होते, पदर सावरणारा हात पुढे कोठे जातो, नथ ओठाला लागू नये म्हणून हसताना काय करावे लागते, ही मधली हालचाल त्यांची. चित्रकार एक क्षण देतो, आणि त्याच्या आधीचा नि नंतरचा क्षण पाहणाऱ्याने कल्पायचा असतो. बालगंधर्वांनी ते दोन्ही क्षण आमच्या पणजीला फुकट दिले.

*

त्यांच्या वेषाचा खरा इतिहास १२ मार्च १९११ पासून सुरू होतो. त्या दिवशी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. तेवीस वर्षेही न झालेला बाप तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभा राहिला. ही हकीकत आपण कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून मुलांना सांगतो. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. रंग आणि वस्त्र यांच्या आड माणूस किती लपू शकतो, हे त्या रात्री त्यांना कळले असेल. पुढच्या आयुष्यात त्या वेषाशी ते इतके घट्ट का बांधले गेले, याचे एक मूळ तेथे असावे असा माझा तर्क आहे; पुरावा नाही.

आणि नाटक तरी कोणते? 'मानापमान' हे दागिन्यांवरचे नाटक आहे. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब, शूर धैर्यधराला झिडकारते. तिच्यासमोर दुसरा कोण, तर दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर. मग तीच भामिनी साध्या वेषात वनमाला होऊन धैर्यधराला भेटते आणि प्रेम म्हणजे काय ते शिकते. म्हणजे एकाच रात्री बालगंधर्वांना सजूनही दाखवायचे होते आणि साज उतरवूनही दाखवायचे होते. शालूतली भामिनी पाहून लोक दिपले असतील, पण नाटकाचा जीव वनमालेत आहे. खाडिलकरांनी त्यांच्या हाती जणू एक किल्ली दिली होती. दागिना उतरवता आला तरच तो शोभतो! ही किल्ली त्यांनी कधी वापरली आणि कधी हरवली, हीच माझ्या मते त्यांच्या वेषाची कथा आहे.

१९१३ साली गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता मालकी आपली, तेव्हा कपडेपटही आपला. १९१६ च्या डिसेंबरात 'स्वयंवर' आले आणि त्यातल्या रुक्मिणीने महाराष्ट्र वेडा केला. खरे शालू, मोत्यांचे सर, ताजी फुले, अत्तर, यांत काहीही खोटे चालायचे नाही, असे जुनी माणसे सांगत. बायका त्यांच्यासारखे केस बांधू लागल्या, त्यांच्यासारखी लुगडी मागू लागल्या, हे त्या काळच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा येते. आमची पणजी त्यांतलीच एक.

याला उधळेपणा म्हणावे का? पुष्कळांनी म्हटले आहे, आणि हिशेबाची वही पाहिली तर ते खरेही आहे. पण खऱ्या शालूला वजन असते. खांद्यावरून त्याचा पदर ओघळतो तो वजनाने ओघळतो. खोट्या जरीचा पदर फुलून उभा राहतो. तो सावरावा लागत नाही, म्हणून हातही उचलावा लागत नाही. कापड बदलले की अंगाची चाल बदलते. बालगंधर्व खरे कापड मागत ते केवळ हौसेपोटी नव्हे, असे मला वाटते. वस्त्राच्या वजनातून त्यांना ती चाल मिळत होती. रुक्मिणीच्या वेषात डामडौल आहे, पण तो कामाला लागलेला डामडौल आहे.

*

आणि मग आली सिंधू.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग त्यानंतर महिनाभराच्या आतच, २० फेब्रुवारीला बडोद्यास झाला. नाटकाची पदेही लिहायची राहिली होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. ज्या नटाला पाहायला लोक शालूसाठी येत, तो आता ठिगळ लावलेल्या लुगड्यात समोर आला. वकिलाची बायको, श्रीमंत भावाची बहीण, आणि नवऱ्याच्या दारूपायी जात्यावर बसलेली. अंगावर दागिना नाही, कपाळावर कुंकू तेवढे.

मी हा प्रयोग पाहिलेला नाही. पाहणारे आता कोणी उरलेले नाही. पण विचार केला म्हणजे कळते, की त्या ठिगळाची सारी किंमत आधीच्या शालूंनी भरलेली होती. दुसरा एखादा नट ठिगळ लावून आला असता तर लोक म्हणाले असते, गरीब बाई दिसते. बालगंधर्व आले तेव्हा लोकांना दिसले ते रुक्मिणीचे अंग, आणि त्यावर नसलेले सारे काही. रिकामा गळा दिसण्यासाठी तो आधी भरलेला पाहिलेला असावा लागतो. 'मानापमाना'तली ती किल्ली येथे बरोबर कुलपात बसली. बालगंधर्वांच्या वेषाचे शिखर मला विचाराल तर 'स्वयंवर' नव्हे, 'एकच प्याला'. वयाच्या तिसाव्या वर्षी ते या शिखरावर होते.

दुःख असे, की ते तेथे थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९२० साली, 'द्रौपदी' आले. मयसभेच्या देखाव्यावर अमाप खर्च झाला. योग पाहा, हेही वस्त्राचेच नाटक. भर सभेत जिचे वस्त्र ओढले गेले त्या स्त्रीचे. पण येथे वैभव हाच विषय होऊन बसला. मंडळी कर्जात बुडाली. नादारी पुकारून मोकळे व्हा, असा शहाण्यांचा सल्ला होता. बालगंधर्वांनी तो मानला नाही आणि वर्षानुवर्षे राबून कर्ज फेडले. समोरच्या प्रेक्षकांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत, आणि मायबापांसमोर हलके कापड नेसून जायचे नाही ही त्यांची नीती होती. माणूस म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडते. टीकाकार म्हणून सांगायचे, तर 'द्रौपदी'पासून वेष भूमिकेच्या पुढे चालू लागला. मधल्या काळात, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्रीचे वर्णन वाचले की दोन गवयांची जुगलबंदी वाचल्यासारखे वाटते. भामिनीचे काय झाले हे कोणी सांगत नाही. वन्समोअरच्या गजरात रात्र सरायची, आणि नाटकातली स्त्री बिचारी विंगेत ताटकळत राहायची.

*

चाळिशीनंतर आरशापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे मी या वर्षांत शिकते आहे. जे रंग काल आपले होते ते आज दुसऱ्याचे वाटतात. मी घरातली एक साधी बाई. मला एक रंग सोडून दुसरा घेता येतो, आणि शेजारीण सोडून कोणाचे लक्षही जात नाही. पण ज्याचे तारुण्य साऱ्या महाराष्ट्राने उराशी धरले आहे, त्याने काय करावे?

१९३१ साली बालगंधर्व 'कान्होपात्रा' झाले ते त्रेचाळिसाव्या वर्षी. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, बादशहाचे बोलावणे आल्यावर विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवणारी. संगीत मास्तर कृष्णरावांचे. या भूमिकेची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. साज असलेल्या घरात जन्मून साज टाकून जाणारी ही स्त्री आहे. आता गाणेही अभंगाकडे वळले होते. वयाने देहाचे मागणे कमी होते आणि स्वराचे वाढते. त्यांच्या गळ्याला ते समजले होते. गळा भजनाला लागला होता. वेष मात्र अजून रुक्मिणीच्याच उंबऱ्यात घुटमळत होता.

काळ थांबणार नव्हता. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. १९३३ च्या जुलैत नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनीच स्त्रियांची कामे केली. एकदा पडद्यावर खरी बाई रडताना दिसली, की शालूतल्या पुरुषाकडे पाहण्याची प्रेक्षकाची नजर कायमची बदलते. ती नजर क्रूर नव्हती. तिला फक्त एक नवी गोष्ट कळली होती.

बालगंधर्वांनी उत्तर शोधले नाही असे नाही. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा'त ते पुरुषवेषात आले, संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. चित्रपटाचे आधीचे नाव 'महात्मा'. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. शालू नाही, नथ नाही. मला वाटते, सिंधूच्या ठिगळानंतर त्यांनी उचललेले हेच सर्वांत धीराचे पाऊल. पण ज्या लोकांनी सिंधूचे ठिगळ डोक्यावर घेतले होते त्यांनी एकनाथाचा अंगरखा तसा उचलून धरला नाही. प्रभातशी ठरलेले पुढचे चित्रपट झाले नाहीत. १९३७ साली 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा म्हणून आले. वय एकोणपन्नास. रंगमंचावर बत्तीचा उजेड आणि प्रेक्षकाचे प्रेम यांच्या मधल्या अंतरात पुष्कळ काही झाकले जाते. कॅमेरा ते अंतर ठेवीत नाही.

येथे मला दोष द्यायचा तर तो केवळ त्यांना देववत नाही. आम्हीच त्यांना वेष उतरवू दिला नाही. आवडत्या माणसाने आपल्या आठवणीच्या बाहेर म्हातारे होऊ नये, अशी प्रेक्षकांची एक आपमतलबी माया असते. त्या मायेने पायांनी अधू होईपर्यंत त्यांना शालू नेसवला. १९६४ साली पद्मभूषण दिले, आणि १५ जुलै १९६७ रोजी ते गेले तेव्हाही सर्वांच्या मनात तसबीर होती ती पंचविशीतल्या भामिनीची.

*

पण वेषाबद्दल इतके बोलल्यावर एका गोष्टीने मला गप्प केले, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांच्या ध्वनिमुद्रिका. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. वडिलांनी त्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. आता माझा मुलगा मला मोबाईलवर लावून देतो. तेथे शालू नाही, नथ नाही, वळलेली मान नाही. मी डोळे मिटून ऐकते आणि दर वेळी चकित होते, कारण तो आवाज बाईचा नाही! तो बाईचा आवाज काढण्याची खटपटही करीत नाही. मऊ आहे, भरलेला आहे, पण पुरुषाचा आहे. म्हणजे ज्या काळात अंगावरचे तसू न् तसू वस्त्र स्त्रीचे होते, त्या काळातही गळ्याने कधी सोंग घेतले नाही. वेष आणि स्वर यांच्यात एक फट होती, आणि त्यांनी ती बुजवली नाही. कदाचित त्यांच्या मोहिनीचे रहस्य त्या फटीतच असेल. डोळ्यांना एक सांगायचे, कानांना दुसरे, आणि ऐकणाऱ्याने दोन्ही खरे मानायचे.

माझे हे सारे अनुमान पक्के झाले होते, वहीत उतरलेही होते. पण गेल्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या एका मुलाने त्याला धक्का दिला. आम्ही 'मानापमान'मधला एक लहानसा प्रवेश बसवीत होतो. गाणारी मुले पुष्कळ, पण सुरात एकच, आणि तो मुलगा. भामिनी त्यालाच करायची होती. मागून घेतली होती त्याने. शिक्षकांच्या खोलीत हसू झाले. वडील भेटायला आले. सरळ गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, गाऊ दे त्याला. लुगडंसुद्धा नेसवा. पण नथ नि लाली नको. पोरं वर्षभर चिडवतील, तुम्हाला ठाऊक नाही."

मला ठाऊक होते. मी कबूल केले. मनातून आनंदही झाला, कारण माझा सिद्धान्त आयताच सिद्ध होणार होता. दागिना काढा, गाणे उजळेल. मी त्याला साधे हिरवे लुगडे नेसवले, कपाळाला कुंकू लावले. मुलगा सुरेख गायला. मागच्या बाकांवरची खुसखुस दोन ओळींत थांबली. पडदा पडल्यावर मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "बघ, नथीवाचून काही अडलं का?"

तो लुगड्याचा कासोटा सोडवीत होता. मान वर न करता म्हणाला, "गाण्याचं नाही अडलं, बाई. पण नथ असती ना, तर मान आपोआप वळली असती. मला सारखी आठवणीनं वळवावी लागली."

चौदा वर्षांच्या मुलाने मला माझ्याच धंद्यातली गोष्ट शिकवली. मी दागिन्याकडे पाहणाऱ्याच्या बाजूने पाहात होते. त्याने घालणाऱ्याच्या बाजूने सांगितले. नथ पाहणाऱ्याला शोभा असते, पण घालणाऱ्याला ती लगाम असते. ती हसण्याला, वळण्याला, पाणी पिण्याला वळण लावते. शालूच्या वजनाबद्दल मी वर जे लिहिले ते मला समजले होते असे वाटत होते. ते त्या दिवशी समजले. बालगंधर्वांना नथ आणि शालू उतरवता आले नाहीत याचे कारण केवळ मोह, केवळ प्रेक्षकांचा हट्ट, एवढेच नसेल. ज्या वस्तूंनी तीस वर्षे शरीराला चालणे शिकवले, त्या काढून ठेवल्यावर शरीराला चालता येईल की नाही, याची भीतीही असेल. 'धर्मात्मा'त ते त्या आधाराशिवाय चालून गेले. आता मला तो चित्रपट अधिक मोठा वाटतो.

*

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ साली बसली. रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. ते पाहायला ते राहिले नव्हते. तेथे चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रे आहेत. एक स्त्रीवेषातले, एक पुरुषवेषातले. आमच्या शाळेची सहल गेली की मुले पहिल्याकडे धावतात. मी त्यांना हाताला धरून दुसऱ्याकडे नेते आणि विचारते, हा माणूस कोण? निम्म्यांना ओळखता येत नाही. मग मी त्यांना एवढेच सांगते, की दोन्ही चित्रांतले डोळे पाहा आणि चेहऱ्यावरचे बाकी सारे बोटांनी झाका. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच, "बाई, एकच आहेत की!"

२०११ साली सुबोध भावे यांनी पडद्यावर बालगंधर्व उभे केले आणि आनंद भाटे यांनी त्यांना गळा दिला, तेव्हा आमच्या गावातल्या तरुण मुली नथीबद्दल विचारू लागल्या होत्या. आज बाजारात शिवलेली नऊवारी मिळते, दाबून बसवायची नथ मिळते. पाडव्याला पाच मिनिटांत बाई तयार होते. त्यात वाईट काही नाही. वेळ कोणाला आहे? पण शिवलेल्या नऊवारीचा पदर ओघळत नाही आणि दाबाची नथ ओठाला लागत नाही. तयार कपड्यात आपण सजतो. त्याच्याकडून शिकत मात्र काही नाही.

यंदा ट्रंक बंद करण्यापूर्वी मी फोटो पुन्हा पाहिला. खुर्चीच्या पाठीवरचा पणजीचा हात जरा जास्तच घट्ट आहे, हे मला आजवर दिसले नव्हते. मनगटाच्या शिरा दिसतात. मान गंधर्वांची, पदर गंधर्वांचा. तो हात मात्र तिचा स्वतःचा आहे. आजीला हे सांगायला हवे होते. पैठणीला नवी घडी घातली, जुन्या रेघा टाळून, आणि फोटो मधोमध ठेवला.